हिराबाईचं डोहाळजेवण

"ओटीत काय घालायचं हो? राळं चालतंय, का नारळच पाहिजे?" जैबूनभाभींनी विचारलं आणि आमच्या आत्याबाई विचारात पडल्या.

प्रश्न तसा रास्तच होता. जिचं डोहाळजेवण होतं ती हिराबाई पिंजऱ्यातल्या दांडीवर एका पायावर बसली होती. अख्खी हिराबाई मुठीत मावायची. तिच्यापुढं नारळ ठेवला असता तर बिचारी त्याच्यामागं दिसलीही नसती. शेवटी आत्याबाईंनी हिरव्या खणाचा तुकडा पिंजऱ्याभोवती गुंडाळला, त्याच्या टोकाला वाटीभर राळं, म्हणजे तिच्या रोजच्या खाण्यातलं बारीक धान्य, बांधलं, वर शेवंतीचं फूल खोचलं आणि म्हणाल्या, "भाव महत्त्वाचा. करा सुरू."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, चंपाबाई मगदूम. मिरजेतल्या आमच्या गल्लीत लग्नाच्या याद्यांपासून नळाला पाणी कधी सोडायचं इथपर्यंत सगळं त्यांना विचारून व्हायचं. त्यामुळं पोपटाच्या डोहाळजेवणाचं आवतण आलं तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावला, पण आल्या सगळ्या. येताना चांगली लुगडी नेसून आल्या.

आता हसू नका, पुढं ऐका. ही हिराबाई आमच्याकडं आली तेव्हा हिराचंद होती.

हिराचंद आला तो गॅलरीच्या दारातून उडत. कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला, कावळ्यांनी भंडावलेला, हिरवागार. आपल्याकडं ज्यांना सगळे लव्हबर्ड म्हणतात ना, त्यातला. आम्ही जैन. पाखरू कोंडून ठेवायचं आत्याबाईंच्या मनाला पटेना आणि सोडून दिलं तर कावळे फाडून खातील, तेही पटेना. दोन्हीतलं कमी पाप कुठलं याचा त्यांनी दुपारभर विचार केला आणि संध्याकाळी पिंजरा आणायला यांना पिटाळलं. यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला, धनपालांना. यांचं मार्केटात स्टीलच्या भांड्यांचं दुकान. स्वभाव गमत्या. कुठलीही अवघड गोष्ट समोर आली की एक विनोद करायचा आणि मागच्या दारानं दुकानात पळायचं, ही यांची जन्माची खोड.

हिराचंद महिन्या-दोन महिन्यांत आमच्यातलाच झाला. सकाळी आत्याबाई यांना हाक मारायच्या, "धनू, ऊठ." ते ऐकून ऐकून हाही म्हणायला लागला. आवाज थेट आत्याबाईंचा, फक्त मुंगीएवढा. हे पांघरूण डोक्यावर ओढून म्हणायचे, "आई एक होती तेच पुष्कळ होतं की."

पिंजरा धुवायचा, पाणी बदलायचं, टरफलं फुंकायची, हे काम माझ्याकडं. त्यामुळं त्याचं नाक बदललेलं पहिल्यांदा मलाच दिसलं. या पोपटांना चोचीच्या वर, नाकपुड्यांपाशी एक मऊ पट्टी असते. हिराचंदाची पट्टी पहिल्यापासून निळी, नीळ टाकलेल्या पाण्यासारखी. त्या पावसाळ्यात ती फिकी झाली आणि हळूहळू चक्क तपकिरी झाली, वर जाड खपलीसारखी. मी आत्याबाईंना दाखवलं. आत्याबाईंनी शेजारच्या जैबूनभाभींना दाखवलं.

जैबूनभाभींच्या घरी पिढ्यान् पिढ्या सतारी बनवतात आणि माडीवर या पाखरांचा मोठा पिंजरा आहे. त्यांनी नाकाकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "नाव काय ठेवलंय? हिराचंद? अहो, ही तर मादी. निळं नाक नराचं, असलं मादीचं."

मी म्हटलं, भाभी, आधी निळं होतं. आत्याबाई म्हणाल्या, तेव्हा ती लहान असेल, वयात आल्यावर बदललं. मी म्हटलं, एवढी दोन वर्षं? त्यावर आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी पाण्याची वाटी धुवायला घेतली. वयात येणं, दिवस जाणं असल्या विषयांत त्या घरात माझं मत कोण विचारणार? माझ्या लग्नाला पाच वर्षं होत आली होती आणि माझी कूस रिकामी होती.

आता हे सांगायलाच हवं, नाहीतर त्या डोहाळजेवणाला काही अर्थ राहत नाही.

मिरजेत दवाखाने इतके, की पेशंट बाहेरगावाहून मागवावे लागतात. आत्याबाईंनी त्यातला एक सोडला नव्हता. त्या वाईट होत्या असं अजिबात नाही. स्वतः पहाटे उठून माझा डबा भरायच्या, रिक्षात माझ्या पाठीमागं उशी द्यायच्या, इंजेक्शनच्या वेळी माझा हात धरायच्या. पण प्रत्येक दवाखान्यात टेबलापाशी बसलेली बाई मान वर न करता विचारायची, "पेशंट कोण?" आणि तिचं वाक्य संपायच्या आत आत्याबाईंचं बोट माझ्याकडं वळायचं. "ही." ते बोट काही रागानं वळत नव्हतं. पण पाच वर्षं एक बोट आपल्याकडं वळत राहिलं की माणूस झोपेतसुद्धा पेशंट होतो.

माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. शेवटच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, की आधी मिस्टरांची एक तपासणी करा, साधी आहे, मग पुढचं बघू. यांच्या तपासणीला सुई नव्हती, टाका नव्हता, उपाशी राहायचं नव्हतं. पण एवढ्याशा कामाला यांना वेळ मिळेना. कधी दुकानात माल यायचा, कधी गाडी पंक्चर, कधी दिवस चांगला नसायचा. मी फारच मागं लागले की म्हणायचे, "मला काय झालंय? चार पोती उचलतो मी." आणि आत्याबाई म्हणायच्या, "त्याला कशाला? आमच्या घराण्यात पुरुषांचं कधी काही नव्हतं." मग बाकी काय उरलं? माझं दुर्बिणीचं ऑपरेशन. दिवाळीनंतरचा दिवसही ठरला. ऑपरेशनची मला भीती नव्हती. त्यातूनही काही निघालं नाही तर मग माझं काय, याची भीती होती. यांच्या शिरोळच्या मावशी दर भेटीत कुणाच्या तरी दुसऱ्या लग्नाची गोष्ट सांगायला लागल्या होत्या, अगदी सहज, भाजी निवडता निवडता.

अशात हिराबाईचं पोट दिसायला लागलं.

आधी खाली थोडं फुगलं, मग चांगलंच. बसणं जड झालं. चालताना डावा पाय ओढायला लागली. बोलणं तर बंदच झालं. जैबूनभाभी म्हणाल्या, अंडी धरली असतील. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद मी बघितला, तो मी पाच वर्षं बघितला नव्हता. "घरात पहिली सुरुवात झाली," त्या म्हणाल्या. "आता तुझंही होणार बघ. शकुन आहे हा." जैबूनभाभींच्या मालकांनी तंबोऱ्याला न चालणारा एक बारका भोपळा सुकवून, कोरून, मधे भोक पाडून पाठवला. अंडी घालायला घर. मिरजेतच व्हावं असलं. दुसऱ्या गावात पोपटाला भोपळ्यात कोण बसवतंय?

तर असं ते डोहाळजेवण. ओटी झाली, ओवाळणी झाली, एका बाईनं नाव घ्यायचा आग्रह केला तेव्हा आत्याबाईंनी हिराबाईच्या वतीनं स्वतःच उखाणा घेतला. मग वाट्यांचा खेळ. एका वाटीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पिंजऱ्याचं दार उघडून दोन वाट्या आत सरकवल्या. हिराबाईनं दोन्हींकडं पाठ फिरवली, पाय ओढत कोपऱ्यात गेली आणि डोळा मिटून बसली. "दमलीय पोर," आत्याबाई म्हणाल्या. बायका हसल्या. मीही हसले, खोटं कशाला सांगू. पण तिचं ते कोपऱ्यात जाऊन बसणं मला फार ओळखीचं वाटलं.

ओटीतल्या राळ्याची संध्याकाळी खीर झाली आणि ती मला खावी लागली. यांनी डोळा मारला. म्हणाले, "खा, खा. अंडं झालं तर आम्लेट मात्र मागू नकोस, जैनाचं घर आहे." मी वाटी आपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाईचा उजवा डोळा उघडेना. पापणी सुजून वाटाण्याएवढी झाली होती, कडेनं पांढरा चिकटा. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. इतक्या बायका आल्या, इतकं कौतुक झालं, दृष्ट लागली. त्यांनी मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या उतरवल्या आणि पिंजऱ्याखाली निखाऱ्यावर टाकल्या. त्या धुरानं आम्ही सगळे खोकायला लागलो, हिराबाई तर तोंड वासून धापा टाकायला लागली. मी पिंजरा उचलला आणि गॅलरीत नेऊन ठेवला. आणि आयुष्यात पहिल्यांदा आत्याबाईंना विचारल्याशिवाय म्हणाले, "हिला मी डॉक्टरकडं नेणार."

"मग मीपण येणार," आत्याबाई म्हणाल्या. "पहिलटकरीण आहे ती."

दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती, त्यामुळं यांना पळायला जागा नव्हती. आम्ही तिघं आणि मांडीवर पिंजरा, असे रिक्षातून डॉक्टर शेडबाळ्यांच्या दवाखान्यात गेलो. शेडबाळे जनावरांचे डॉक्टर. गायी-म्हशींचे मुख्य, पण जैबूनभाभी म्हणाल्या होत्या की पाखरंही जाणतात. बाहेर कानाला पट्टी बांधलेला एक अल्सेशियन आणि दोन शेळ्या बसल्या होत्या. टेबलापाशी कंपाउंडर चिठ्ठी लिहीत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "पेशंट कोण?"

आत्याबाईंचं बोट सवयीनं माझ्याकडं वळलं. "ही."

कंपाउंडरनं मान वर केली. मला बघितलं, शेळ्यांना बघितलं. आत्याबाईंनी घाईघाईनं बोट पिंजऱ्याकडं नेलं. हे खो खो हसले. मला हसावं की रडावं कळेना. अल्सेशियनसुद्धा माझ्याकडं दयेनं बघतोय असं वाटलं.

डॉक्टर शेडबाळे सावकाश बोलणारे, किडकिडीत, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी हिराबाईला फडक्यात अलगद गुंडाळलं, फक्त डोकं बाहेर. कोमट पाण्याच्या कापसानं डोळा पुसला, पापणी उघडून आत बॅटरी मारली. बुबुळ चांगलं होतं. मग तोंड उघडून घसा बघितला आणि विचारलं, खायला काय घालता?

"राळं," मी म्हटलं.

"आणि?"

"बाजरी."

"हिरवं काही? पालक, कोथिंबीर, मेथी?"

आत्याबाई जरा ताठ झाल्या. "चातुर्मास चालू आहे डॉक्टर. चातुर्मासात आमच्याकडं पालेभाजी येत नाही."

"बरं. गाजर?"

"कंदमूळ तर बाराही महिने नाही."

शेडबाळ्यांनी चष्मा खाली ओढला. ते स्वतः आमच्यातलेच. आत्याबाईंच्या डोक्यावरच्या पदराकडं बघितलं, फडक्यातल्या डोक्याकडं बघितलं. "काकू, तुम्ही व्रत धरलंय ते पुण्याचं काम आहे. पण याला दीक्षा कुणी दिली?"

यांना परत हसू आलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की नुसत्या कोरड्या दाण्यावर ठेवलं की या पाखरांना डोळ्याला लागणारं जीवनसत्त्व मिळत नाही. पापणी सुजते, चिकटा येतो, घशातही फोड येतात. दृष्टबिष्ट काही नाही. थेंब देतो, औषध देतो, तांबडा भोपळा द्या, गाजर किसून द्या, शेवग्याचा पाला द्या. डोळा बरा होईल. आत्याबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या म्हणाल्या, बाळंतपण सुखरूप होऊ दे, गाजराचं पाप मी बघते.

"कुणाचं बाळंतपण?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिचं. अंडी धरलीत."

डॉक्टरांनी फडकं सैल केलं, पोटावरची पिसं ओली करून बाजूला सारली आणि दोन बोटांनी हळूच चाचपलं. डावा पाय ओढून बघितला, पंजा त्यांचं बोट धरेना. मग बराच वेळ नाकाकडं बघत राहिले.

"हे नाक पहिल्यापासून असंच होतं?"

आत्याबाई म्हणाल्या, हो, मादीच आहे, आमच्या शेजारच्या भाभी जाणकार आहेत. मी गप्प राहणार होते. राहायची सवयच होती. पण फडक्यातून हिराबाईचा तो एक उघडा डोळा माझ्याकडं बघत होता.

"निळं होतं," मी म्हटलं. "पिंजरा मीच धुते. दोन वर्षं निळंच होतं. या पावसाळ्यात बदललं."

"नक्की?"

"नक्की."

पाच वर्षांत कुठल्याही दवाखान्यात मी सांगितलेलं कुणी असं थांबून ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली. "मग हा नर आहे, काकू."

आत्याबाई म्हणाल्या, असं कसं, पोट आलंय, पाय जड झालाय, सगळं दिसतंय की डोळ्यांनी. डॉक्टर सावकाशच बोलले. पोटात अंडं नाही, गाठ आहे. नराच्या अंडकोशात होते ती, या जातीत पुष्कळदा. ती गाठ मादीचा रस तयार करते, म्हणून नाक मादीसारखं होतं. ती वाढून पायाच्या शिरेवर दाबली जाते, म्हणून लंगडतो. बोलायचा बंद झाला तो दुखण्यानं. भाभींचं काही चुकलं नव्हतं, त्यांनी निळं नाक बघितलंच नव्हतं.

"कापून काढता येत नाही?" मी विचारलं.

"एवढ्याशा जिवाला भूल दिली तर उठेलच असं नाही. नाक बदललं तेव्हाच आणलं असतंत तर काही करून बघितलं असतं. आता दुखणं कमी राहील असं औषध देतो. आहेत ते दिवस बरे जातील."

बाहेर शेळी ओरडली. आत्याबाईंनी पदराचं टोक हातात घट्ट धरलं होतं. इतक्या हौसेनं ज्याची ओटी भरली तो जीव दुखण्यानं कोपऱ्यात जाऊन बसत होता, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, बाईमाणूस आहे, तिचंच काहीतरी असणार."

"तेच झालं," डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "मादी समजून सगळे बघत बसलात. दुखणं नराचं होतं."

त्यांनी ते अगदी साधं म्हटलं, टॉवेलला हात पुसत. पण आत्याबाईंची मान हळूहळू वळली. आमचे हे भिंतीपाशी उभे राहून म्हशींच्या कासेच्या रोगांची पाटी वाचत होते. फार मन लावून वाचत होते. ती पाटी कानडीत होती आणि यांना कानडीचं एक अक्षर येत नाही.

रिक्षात आत्याबाईंनी पिंजरा स्वतःच्या मांडीवर घेतला. यांनी दोन विनोद केले, दोन्ही वाया गेले. घरी आल्यावर त्यांनी पिंजऱ्याचा खण सोडला, घडी घातली. भोपळा जैबूनभाभींकडं परत दिला. भाभींच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या, मीच सांगितलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, तुम्ही बघितलं ते सांगितलंत. जिनं दोन वर्षं बघितलं होतं, तिला आम्ही विचारलं नाही.

हे त्यांनी माझ्यासमोर म्हटलं. माझ्याकडं बघून नाही, पण माझ्यासमोर.

आमच्याकडं जेवण दिवस मावळायच्या आत. त्या संध्याकाळी पानं वाढली, हे भाकरी मोडणार तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "धनू, उद्या दुकान उघडू नकोस."

"का? कोण येणार आहे?"

"कोण येत नाही. तुला जायचंय. त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली तपासणी करून यायची."

यांनी माझ्याकडं बघितलं. मी आमटीत बघितलं. मला काहीच ठाऊक नव्हतं, शपथ. हे हसले, तेच नेहमीचं हसणं. "आई, तू पण ना. मला काय झालंय?"

आत्याबाईंनी यांच्या पानात आमटी वाढली, वरून तूप सोडलं.

"हिराचंदालाही कालपर्यंत काही झालं नव्हतं," त्या म्हणाल्या.

या वाक्यावर यांना विनोद सुचला नाही. मागचं दारही लांब होतं. यांनी मुकाट्यानं भाकरी मोडली.

हिराचंद परत हिराचंद झाला आणि त्यानंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जगला. डोळा आठवड्यात उघडला. आमच्या घरात पहिल्यांदा गाजर आलं ते त्याच्यासाठी. आत्याबाईंनी त्याला वेगळी किसणी घेतली, ती गॅलरीत खिळ्याला टांगली, आणि गाजर किसताना रोज आधी णमोकार म्हणायच्या. दुखणं कमी झालं तसा तो एक-दोनदा बोललाही, "धनू, ऊठ." गेला तो माझ्या ओंजळीत. आत्याबाई लहान मुलासारख्या रडल्या, मीही रडले. यांनी त्याला मागच्या शेवग्याच्या झाडाखाली ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत दुकानात गेले नाहीत.

दोष यांच्यातच निघाला. एक शीर फुगलेली होती, काही फार मोठं नव्हतं, औषध आणि एक बारकं ऑपरेशन. अहवाल कळला त्या दिवशी हे माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "त्रिशला, पाच वर्षं मी भीत होतो." मला राग यायला हवा होता. आलाही. पण चार पोती उचलणारा माणूस असा बसलेला मी कधी बघितला नव्हता, तेव्हा तो राग मी नंतरसाठी ठेवला आणि पुढं सवडीनं पुरवून पुरवून वापरला. माझी दुर्बीण रद्द झाली. आमची मुलगी आता सांगलीला शिकते. तिला गाजराचा हलवा आवडतो आणि आमच्या घरात गाजर कसं चालतं, हे तिला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही.

पण मला विचाराल तर माझं सुख त्या मुलीच्या जन्मापासून मोजू नका. ते सुरू झालं त्या संध्याकाळच्या आमटी-भाकरीनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी. हिराचंद तेव्हा गप्पच होता, म्हणून आत्याबाईंनी स्वतःच हाक मारली, "धनू, ऊठ." आणि हे एका हाकेत उठले. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. तीच भिंत, तोच बाक, टेबलापाशी तीच बाई. मला बघून तिनं ओळखीनं कागद पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि मान खाली घालून विचारलं, "पेशंट कोण?"

माझ्या मानेला सवय होती, ती आपोआप वाकली. आत्याबाईंचं बोट उठलं. ते माझ्या खांद्यावरून पलीकडं गेलं आणि खांबाआड उभ्या असलेल्या आपल्या लेकावर जाऊन थांबलं.

"हा," आत्याबाई म्हणाल्या. आणि त्याच हातानं मला बाकावर बसवून म्हणाल्या, "तू बस गं आता. पुष्कळ उभी राहिलीस."